दोन बोर्ड, मध्ये पीसीआयई केबल, तरी कुणीच कुणाला का दिसत नाही?

ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ५ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक विक्रीला आला आणि त्याच्या कडेला पीसीआयईचं १६ पिनांचं एक चपटं कनेक्टर दिसलं. पीसीआयई म्हटलं की तोवर बहुतेकांना डेस्कटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड आठवायचं. त्याच कंपनीच्या कॉम्प्युट मॉड्यूल ४ ने २०२० मध्येच पीसीआयई बाहेर काढून दिलं होतं, पण ते वापरणारे थोडे. पाय ५ नंतर मात्र तळहाताएवढ्या बोर्डावर एनव्हीएमई एसएसडी ही वेगवान डिस्क लावणं ही घरोघरची गोष्ट झाली. एसएसडी चालली, नेटवर्क कार्ड चाललं, एआयची कार्डं चालली. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: दोन रास्पबेरी पाय याच कनेक्टरने एकमेकांना जोडले तर? किंवा पायलाच एखाद्या कार्डासारखं डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये लावलं तर?

उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते ऐकून बरेच जण चांगली केबल शोधायला लागतात. अडचण केबलमध्ये नाही. ती चिपच्या आत आहे आणि ती समजून न घेता बोर्ड विकत घेतला तर पैसे वाया जातात. काही बोर्डांवर हे काम उत्तम होतं. कोणत्या, आणि का, हे पाहू.

पीसीआयईच्या तारांतून नेमकं काय जातं

पीसीआयई हा प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला लावलेली उपकरणं यांच्यातला वेगवान रस्ता. त्याचं एकक म्हणजे लेन. एका लेनमध्ये चार तारा: एक जोडी पाठवायची, एक जोडी घ्यायची. दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते.

पाय ५ च्या कनेक्टरवर दुसऱ्या पिढीची एक लेन आहे. तिच्यावर सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. पण या पिढीत दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवावे लागतात, त्यामुळे हाती येतात सेकंदाला ५०० मेगाबाइट, तेही एकेका दिशेने. तिसऱ्या पिढीत १२८ बिटांमागे फक्त २ बिट जास्तीचे लागतात आणि वेगही ८ अब्जांवर जातो. म्हणून तिसऱ्या पिढीच्या चार लेन मिळून सेकंदाला जवळजवळ ३.९ गिगाबाइट देतात. रॉकचिप कंपनीच्या आरके३५८८ या चिपच्या बोर्डांवर, म्हणजे उदाहरणार्थ रॅडक्साच्या रॉक ५बी वर, तेवढं मिळू शकतं.

या रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेक निरोपांचा मजकूर दोनच प्रकारचा असतो: ‘अमुक पत्त्यावर हे लिही’ आणि ‘तमुक पत्त्यावर काय आहे ते वाचून दे’. इथरनेटवर पाकिटं जातात आणि ती उघडायला पलीकडे सॉफ्टवेअर लागतं. पीसीआयईवर एक यंत्र दुसऱ्याच्या मेमरीतच थेट हात घालतं. त्याचा वेग आणि त्याचा धोका, दोन्ही इथूनच येतात.

हजेरी घेणारा एकच असतो

मेमरीत हात घालायचा तर पत्ते ठरलेले हवेत. कुणी ठरवायचे? पीसीआयईमध्ये हा अधिकार एकाच टोकाकडे असतो. त्या टोकाला होस्ट म्हणतात, आणि चिपमधल्या ज्या भागातून तो हे काम करतो त्याला रूट कॉम्प्लेक्स. पलीकडच्या उपकरणाला म्हणतात एंडपॉइंट.

वर्गात बाई हजेरी घेतात तसं हे चालतं. यंत्र सुरू झालं की होस्ट एकेक क्रमांक पुकारतो: बस शून्य, डिव्हाइस शून्य, फंक्शन शून्य, आहेस का? समोर कुणी असेल तर तो आपला बनवणाऱ्याचा क्रमांक आणि उपकरणाचा क्रमांक सांगतो. कुणी नसेल तर होस्टला वाचनात सगळे बिट १ मिळतात. हा क्रमांक मुद्दामच कुठल्याही कंपनीला दिलेला नाही, म्हणून ‘सगळे एक’ याचा अर्थ ‘गैरहजर’. या बोर्डांवर चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की ओळीच्या सुरुवातीला ०१:००.० असं काहीतरी दिसतं, तो याच हजेरीपटावरचा क्रमांक.

हजेरी झाली की जागावाटप. प्रत्येक एंडपॉइंटला आपली मेमरी होस्टच्या पत्त्यांमध्ये कुठेतरी मांडावी लागते. त्यासाठी त्याच्याकडे सहापर्यंत खास रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे छोटे कप्पे, असतात, त्यांना बेस अॅड्रेस रजिस्टर, थोडक्यात बार, म्हणतात. जागा किती हवी हे होस्ट ज्या युक्तीने विचारतो ती मला फार आवडते. तो बारमध्ये सगळे बिट १ लिहितो आणि लगेच परत वाचतो. एंडपॉइंटने आपल्याला हव्या असलेल्या जागेइतके खालचे बिट बदलता येणार नाहीत असे शून्यावर बांधून ठेवलेले असतात. अगदी खालचे चार बिट जागेचा प्रकार सांगण्यासाठी असतात, ते बाजूला ठेवायचे. आता समजा खालचे २० बिट शून्यच राहिले. २ चा २० वा घात म्हणजे १०,४८,५७६, म्हणजेच या उपकरणाला १ मेगाबाइट जागा हवी आहे. होस्ट मग आपल्या पत्त्यांच्या नकाशात तेवढी रिकामी जागा शोधतो आणि तिचा पत्ता त्याच बारमध्ये लिहून टाकतो. वेगळी भाषा नाही, लांबलचक करार नाही, एक लिहिणं आणि एक वाचणं.

दोन्हीकडे होस्ट असले की काय होतं

आता दोन पाय जोडा. दोन बाई समोरासमोर उभ्या आहेत, दोघींच्या हातात हजेरीपट आहे आणि बाकांवर कुणीच नाही. दोघीही नावं पुकारतात, ‘हजर’ कुणीच म्हणत नाही.

खरं तर गोष्ट हजेरीपर्यंतही पोचत नाही, त्याआधीच अडते. पहिली अडचण तारांची. स्लॉटच्या पिना असं गृहीत धरून मांडलेल्या असतात की होस्टची पाठवायची जोडी कार्डाच्या घ्यायच्या जोडीला भिडेल. दोन होस्ट सरळ केबलने जोडले की पाठवणारी जोडी पाठवणारीलाच भिडते. दुसरी अडचण घड्याळाच्या संकेताची. पीसीआयईचा १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक होस्ट देतो, आणि इथे दोघंही तो एकाच तारेवर ढकलतात. तसंच रीसेटच्या तारेचं. ती होस्टने हलवायची आणि कार्डाने ऐकायची असते, इथे दोघंही हलवतात. तीन तारांवर तीन भांडणं.

हे सगळं उलटसुलट जोडून मिटवलं, तरी चौथी अडचण उरतेच. दोन टोकं एकमेकांना सापडली की ती आधी आपापसांत वेग आणि लेन ठरवतात. त्या बोलणीत लिंकचा आणि लेनचे क्रमांक होस्टच्या टोकाने सुचवायचे आणि पलीकडच्याने मान्य करायचे असा नियम आहे. दोन्ही टोकं सुचवणारीच असतील तर मान्य कोण करणार? या प्रसंगासाठी मानकात एक ऐच्छिक तरतूद आहे, पण बाजारातल्या साध्या बोर्डांच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही. बोलणी तिथेच थांबतात आणि लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या नोंदींमध्ये ‘लिंक डाउन’ एवढंच दिसतं.

एंडपॉइंट मोड: चिपनेच भूमिका बदलायची

यावरचा उपाय म्हणजे एका बोर्डाच्या चिपमधल्या पीसीआयई सांभाळणाऱ्या भागाने, म्हणजे कंट्रोलरने, होस्टपण सोडून कार्ड बनणं. यालाच एंडपॉइंट मोड म्हणतात. मग हा कंट्रोलर रीसेट ऐकतो, क्रमांक मान्य करतो, हजेरीला ‘हजर’ म्हणतो आणि आपले बार पुढे करतो.

हे प्रत्येक चिपला जमत नाही, कारण ही सोय सिलिकॉनमध्येच असावी लागते. कंट्रोलरचं डिझाइन बरेचदा चिप बनवणारी कंपनी स्वतः करत नाही. सिनॉप्सिस किंवा केडन्स अशा कंपन्यांकडून ते तयार घेतलं जातं, आणि घेतानाच ठरतं की फक्त होस्ट हवा, की दोन्ही भूमिका हव्या.

रॉकचिपच्या आरके३३९९ मध्ये दोन्ही भूमिका आहेत. पाइन६४ चा रॉकप्रो६४ हा बोर्ड याच चिपवर आहे आणि लिनक्सवर एंडपॉइंटचं काम करणाऱ्यांच्या टेबलावर तो वर्षानुवर्षं आहे. नंतर आलेल्या आरके३५८८ मध्ये पाच पीसीआयई कंट्रोलर आहेत, पण त्यातला चार लेनचा, तिसऱ्या पिढीचा एकच दोन्ही भूमिका करतो. बाकी चार फक्त होस्ट. म्हणजे ‘या बोर्डाला एंडपॉइंट मोड आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या कनेक्टरवर, हे विचारलंच पाहिजे. रॉक ५बी वर तो बोर्डाच्या खालच्या बाजूला असलेल्या, एसएसडी लावायच्या एम.२ जागेवर आहे.

खरेदी करणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत नावातल्या एका अक्षराने होते. आरके३५८८एस ही त्याच घराण्यातली स्वस्त चिप. तिच्यात तिसऱ्या पिढीचा तो चार लेनचा कंट्रोलरच नाही. ऑरेंज पाय ५ वर ही एस चिप आहे, ऑरेंज पाय ५ प्लसवर पूर्ण आरके३५८८. दुकानाच्या यादीत दोन्ही शेजारीशेजारी असतात आणि एंडपॉइंटच्या दृष्टीने दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रॉकचिपच्या बाहेर पाहिलं तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीआरए७ आणि टीडीए४ घराण्यातल्या चिप, एनएक्सपीची आय.एमएक्स ८एम प्लस, एनव्हिडियाचे जेटसन एजीएक्स झेवियर आणि एजीएक्स ओरिन यांना हा मोड आहे. जेटसनवर तो लावायला बोर्ड वेगळ्या सेटिंगने फ्लॅश करावा, म्हणजे त्यावरचं सॉफ्टवेअर पुन्हा भरावं लागतं, चालू यंत्रावर बटण दाबल्यासारखं ते होत नाही.

पायला पुढच्या अपडेटमध्ये हे मिळेल का

नाही. पाय ४ मधल्या बीसीएम२७११ आणि पाय ५ मधल्या बीसीएम२७१२ या चिपचा पीसीआयई कंट्रोलर होस्ट म्हणूनच चालतो, आणि लिनक्समधला त्याचा ड्रायव्हरही तेवढ्याचसाठी आहे.

हा प्रश्न लोक हटून विचारतात त्याला कारण आहे. पाय झिरो यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला की तो नेटवर्क कार्ड किंवा पेन ड्राइव्ह असल्याचं भासवू शकतो. मग पीसीआयईवर का नाही, असं वाटणारच. पण तिथेही ही किमया केवळ सॉफ्टवेअरची नाही. त्या चिपमधला यूएसबी कंट्रोलर मुळातच दोन्ही भूमिकांसाठी बनवलेला आहे.

पाय ५ च्या पोटात मात्र एक एंडपॉइंट बसलेला आहे. यूएसबी, इथरनेट आणि जीपीआयओ म्हणजे सेन्सर वगैरे जोडायच्या पिना सांभाळणारी आरपी१ ही रास्पबेरी पायची स्वतःची चिप मुख्य प्रोसेसरला चार लेनच्या पीसीआयईने जोडलेली आहे आणि तिथे ती एंडपॉइंट आहे. पाय ५ वर एलएसपीसीआय चालवलं की ती यादीत दिसते. तिची भूमिका ठरलेली आहे, ती बाहेरच्या कुणासाठी वापरता येत नाही. पण एंडपॉइंट कसा दिसतो हे पाहायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

लिनक्स कार्ड कसं बनतं

लिनक्स जवळपास नेहमी होस्टच्या खुर्चीत बसलेला असतो. त्याला कार्डाच्या बाजूने चालवण्याची व्यवस्थित चौकट २०१७ मध्ये ४.१२ कर्नलसोबत आली. ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधले किशोन विजय अब्राहम यांनी लिहिली. तिचे दोन भाग आहेत. पहिला कंट्रोलरचा ड्रायव्हर, जो त्या चिपच्या तारा-रजिस्टरांशी बोलतो. दुसरा फंक्शनचा ड्रायव्हर, म्हणजे ‘मी कोणतं कार्ड आहे’ हे ठरवणारा. हे दोन वेगळे ठेवल्यामुळे एकदा लिहिलेलं फंक्शन आरके३३९९ वरही चालतं आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवरही.

वापरायची पद्धत फोल्डर बनवण्याइतकी साधी आहे. कर्नलच्या कॉन्फिगएफएस नावाच्या खास फोल्डरमध्ये फंक्शनसाठी एक नवा फोल्डर करायचा. तो होताच त्यात फाइली आपोआप उगवतात: बनवणाऱ्याचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक, किती इंटरप्ट, म्हणजे होस्टचं लक्ष वेधणारे इशारे, हवेत, वगैरे. त्यांत आकडे लिहायचे. मग त्या फोल्डरची लिंक कंट्रोलरच्या फोल्डरमध्ये द्यायची आणि शेवटी ‘स्टार्ट’ फाइलमध्ये १ लिहायचा. कर्नलच्या कागदपत्रांतल्या उदाहरणात बनवणाऱ्याचा क्रमांक १०४सी आणि उपकरणाचा बी५०० आहे. १०४सी हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, त्यामुळे उदाहरण जसंच्या तसं चालवलं तर पलीकडच्या होस्टला रॉकचिपचा बोर्डही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं कार्ड म्हणून दिसेल. होस्ट तेच मानतो जे त्याला हजेरीत सांगितलं जातं.

मेमरीचं काय होतं? बोर्डावरचा लिनक्स आपल्या रॅममधला एक तुकडा बाजूला काढतो आणि तो बारच्या मागे लावतो. होस्टने त्या बारमध्ये काही लिहिलं की ते थेट या रॅममध्ये येऊन पडतं. उलट दिशेलाही खिडकी असते. बोर्ड आपल्या पत्त्यांमधला एक भाग होस्टच्या मेमरीवर वळवतो आणि तिथून वाचतो-लिहितो, किंवा प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या डीएमए इंजिनाला ते काम देतो. इंटरप्टसुद्धा शेवटी लिहिणंच असतं: होस्टने आधी सांगून ठेवलेल्या पत्त्यावर ठरलेला आकडा लिहिला की होस्टचा प्रोसेसर जागा होतो.

इथे एक बारकावा आहे, आणि एंडपॉइंट लिहायला बसणारा प्रत्येक जण त्याच्याशी अडखळतो. खऱ्या कार्डात होस्टने रजिस्टरमध्ये लिहिलं की कार्डाच्या सर्किटला ते तत्क्षणी कळतं. आपल्या बोर्डावर मात्र ते फक्त रॅममध्ये पडतं, आणि बोर्डाच्या प्रोसेसरला त्याची खबरही लागत नाही. म्हणून कर्नलमधलं चाचणीचं फंक्शन दर मिलिसेकंदाला उठून पाहतं की आज्ञेच्या जागी काही आलं आहे का. मिलिसेकंद आपल्याला किरकोळ वाटतो, पण तेवढ्या वेळात एक चांगली एसएसडी अनेक आज्ञा पूर्ण करून मोकळी होते. एंडपॉइंट मोडमधला बोर्ड मोठ्या फाइली झपाट्याने हलवतो पण छोट्या छोट्या कामांत मागे पडतो, त्याचं एक मोठं कारण ही सतत डोकावण्याची गरज आहे.

एवढं करून मिळतं काय

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ६.१४ कर्नलमध्ये एनव्हीएमईचं एंडपॉइंट फंक्शन आलं. डेमियन ल मोआल यांचं हे काम. आता योग्य बोर्ड डेस्कटॉपला जोडला की डेस्कटॉपला तो नेहमीची एनव्हीएमई एसएसडी वाटतो. होस्टवर खास ड्रायव्हर लागत नाही, त्याचा रोजचा एनव्हीएमई ड्रायव्हरच कामाला येतो. बोर्डाच्या बाजूला या ‘डिस्क’च्या मागे एखादी साधी फाइल असू शकते, खरी डिस्क असू शकते, किंवा नेटवर्कपलीकडचा साठाही.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर ही आजवर कंपन्यांच्या कुलुपातली गोष्ट होती. डिस्क आज्ञा कशा घेते, रांगा कशा सांभाळते, चूक झाली तर होस्टला काय कळवते, हे शिकायचं तर मानक वाचायचं आणि कल्पना करायची, किंवा ज्याचं सर्किट आपण ठरवू शकतो असा महागडा एफपीजीए बोर्ड घेऊन हार्डवेअरची भाषा शिकायची. आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी सी भाषेतला कोड उघडून डिस्क कशी वागते ते ओळीओळीने पाहू शकते, त्यात बदल करू शकते, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारी डिस्क बनवून फाइल सिस्टिम काय करते ते तपासू शकते. खऱ्या तारांवर हे शिक्षण याआधी इतक्या थोड्या खर्चात मिळणं अवघड होतं.

त्यापेक्षा इथरनेट काय वाईट

दोन बोर्डांमध्ये फाइली पाठवायच्या असतील तर इथरनेटच चांगलं. गिगाबिट इथरनेट सेकंदाला १२५ मेगाबाइटपर्यंत जातं, आरके३५८८ च्या बऱ्याच बोर्डांवर त्याच्या अडीच पट वेगाचं पोर्ट असतं, आणि केबल कुठल्याही दुकानात मिळते. पीसीआयईचा खटाटोप ज्याला उपकरण बनायचं आहे त्याच्यासाठी आहे, ज्याला फक्त बोलायचं आहे त्याच्यासाठी नाही.

दोन्ही यंत्रांनी होस्टच राहून पीसीआयईवर बोलायची एक जुनी सोय आहे. तिला नॉन-ट्रान्सपरंट ब्रिज म्हणतात. मध्ये एक चिप बसते आणि ती दोन्ही बाजूंना आपण एंडपॉइंट असल्याचं दाखवते. सर्व्हर आणि साठवणुकीच्या यंत्रांमध्ये ती वापरतात. दोन एंडपॉइंट कंट्रोलर असलेल्या चिपवर लिनक्सही ही भूमिका करू शकतो, पण हौशी बोर्डांवर तशी चिप क्वचितच हाताशी असते.

जोडताना कशाला जपायचं

पहिलं, वीज. दोन्ही बोर्ड आपापल्या अडॅप्टरवर चालणार, त्यामुळे केबलमधून ३.३ किंवा १२ व्होल्टच्या तारा जाता कामा नयेत. डेटाच्या जोड्या, रीसेट, गरज असेल तर क्लॉक आणि ग्राउंड, एवढंच. कार्ड स्लॉटपासून लांब लावण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या रायझर केबलमध्ये विजेच्या ताराही असतात. त्या तशाच लावल्या तर एका बोर्डाची वीज दुसऱ्यात घुसते आणि नुकसान कायमचं होतं.

दुसरं, क्लॉक. दोन्ही टोकांनी एकाच स्रोताचा क्लॉक वापरायचा की आपापला, हे आधी ठरवावं लागतं. रॉक ५बी साठी कर्नलमध्ये डिव्हाइस ट्रीच्या दोन जोडफाइली आहेत, एक एंडपॉइंटच्या बाजूसाठी आणि दुसरी होस्टच्या बाजूला वेगळा क्लॉक वापरण्यासाठी. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय-काय कुठे आहे हे कर्नलला सांगणारी फाइल. दोन रॉक ५बी एकमेकांना जोडायचे तर या दोन्ही लागतात, एकेका बाजूला एकेक.

तिसरं, वेळ. रीसेट सुटल्यावर होस्ट साधारण १०० मिलिसेकंद थांबतो आणि हजेरी सुरू करतो. बोर्डावरचा लिनक्स उठायलाच काही सेकंद लागतात. दोन्हीची बटणं एकदम दाबली तर हजेरीच्या वेळी बोर्ड अजून झोपेतच असणार. म्हणून आधी बोर्ड सुरू करायचा, ‘स्टार्ट’मध्ये १ लिहायचा, आणि मगच डेस्कटॉप चालू करायचा. उशीर झालाच तर डेस्कटॉपच्या लिनक्सला पीसीआय पुन्हा तपासायला सांगता येतं आणि कधीकधी तेवढ्यावर भागतं. पण पायसारख्या एआरएम होस्टवर सुरुवातीला लिंक लागली नाही तर ड्रायव्हर माघारच घेतो, आणि मग होस्ट पुन्हा सुरू करण्यावाचून इलाज नाही.

असं कार्ड होस्टच्या मेमरीत घुसणार नाही का

घुसू शकतं, आणि ही भीती रास्त आहे. एंडपॉइंट स्वतःहून होस्टच्या मेमरीत वाचू-लिहू शकतो, त्याशिवाय कुठलीही एसएसडी चालणारच नाही. खऱ्या एसएसडीच्या बाबतीत आपण बनवणाऱ्या कंपनीवर भरवसा ठेवतो. इथे पलीकडे पूर्ण लिनक्स आहे, त्यात आपणच लिहिलेला कोड आहे, आणि पत्ता मोजताना एक शून्य चुकलं तर होस्टच्या कर्नलच्या मेमरीवरच काहीबाही लिहिलं जातं. दुष्ट हेतू लागतच नाही, एक साधा बग पुरतो.

यावर पहारेकरी असतो आयओएमएमयू हा प्रोसेसरमधला भाग. कोणत्या कार्डाला मेमरीचा कोणता भाग दाखवायचा हे तो ठरवतो आणि बाकी सगळं अडवतो. डेस्कटॉपवर तो बायोसमध्ये आणि कर्नलमध्ये चालू आहे का हे प्रयोगाआधी तपासावं. चालू असेल तर चुकीचा पत्ता वापरल्यावर होस्ट कोसळत नाही, त्याच्या नोंदींमध्ये कोणत्या कार्डाने कुठला पत्ता मागितला ते छापून येतं, आणि बग शोधायला त्याची मोठी मदत होते. तरीही महत्त्वाचा डेटा असलेलं यंत्र होस्ट म्हणून घेऊ नये.

घरात पाय ५ असेल तर तो इथे वाया जात नाही. होस्टची बाजू त्याला छान जमते, आणि अभ्यासाच्या प्रयोगात बिघडला तरी चालेल असा होस्टच बरा. पलीकडे पूर्ण आरके३५८८ चा बोर्ड एंडपॉइंट म्हणून घ्यायचा, पाठवायची जोडी घ्यायच्या जोडीला भिडेल अशा तारा उलट जोडायच्या, वीज तोडायची. रॉकच्या बाजूला चार लेन असल्या तरी पायकडे एकच आहे, त्यामुळे दोघं बोलणीत एका लेनवर आणि दुसऱ्या पिढीच्या वेगावर राजी होतात. सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या वर जाता येणार नाही, पण एनव्हीएमईच्या रांगा कशा चालतात हे पाहायला तेवढा वेग भरपूर आहे.